टीव्ही भिंतीवर गेला तेव्हा

मुंबई दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. त्यानंतर काही वर्षांनी आमच्या चाळीत पहिला टीव्ही आला, तो शेजारच्या काकांकडे. लाकडी पेटी, तिला सरकती दारे, गच्चीवर अँटेना आणि टपाल कार्यालयात भरायचे परवान्याचे पैसे! आम्ही मुले जमिनीवर फतकल मारून बसायचो, म्हणून काकांनी ती पेटी मुद्दाम बुटक्या टेबलावर ठेवली होती.

पेटी एवढी खोल का? तर चित्रनळीच्या मागच्या टोकाकडून इलेक्ट्रॉनांचा झोत काचेवर फेकला जाई. काच मोठी, तर नळीही लांब. ही खोली घालवण्याचे प्रयत्न तसे जुनेच. १९६४ मध्ये अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठात प्लाझ्मा पडदा तयार झाला, तो संगणकावर शिकवण्यासाठी. १९६८ मध्ये आरसीए कंपनीने द्रवस्फटिकांचा, म्हणजेच एलसीडी पडदा जाहीर केला. सत्तरच्या दशकात तो घड्याळांत आणि कॅल्क्युलेटरमध्ये आला. आपल्या दिवाणखान्यांत यायला मात्र एकविसावे शतक उजाडले.

आमच्याकडे तो २०११ मध्ये आला, चाळीस इंची. दुकानदार म्हणाला, "एलसीडी नको, एलईडी घ्या." पुढे कळले की, पडदा दोन्हींत द्रवस्फटिकांचाच; मागचा उजेड तेवढा नळ्यांऐवजी एलईडी दिव्यांचा. बसवायला आलेल्या मुलाने विचारले, "कुठे लावू?" मी आजोबांच्या तसबिरीच्या जागेकडे बोट दाखवले. भिंतीवरची वस्तू उंचच लावायची, ही आपली सवय!

महिन्याभरात आईने टीव्ही बघणे सोडले. "मला आता गोडी नाही राहिली," म्हणायची. आम्ही ते वयावर ढकलले. एका दुपारी तिच्या बुटक्या दिवाणावर बसून मी क्रिकेटचा सामना पाहिला आणि अर्ध्या तासात मान अवघडली. समोरच्या खिडकीचा उजेड चित्रावर पडत होता, तो वेगळाच. आई हळूच म्हणाली, "आणि जुन्या सिनेमातली माणसं अशी जाड का दिसतात रे?" तिचे बरोबर होते. ४:३ प्रमाणाचे चित्र १६:९ मध्ये ताणले की माणूस एक-तृतीयांशाने रुंद होतो.

त्या रविवारी टीव्ही खाली उतरवला. पडद्याचा मध्य आईच्या डोळ्यांच्या रेषेत आणला. दिवाण साडेसहा फुटांवर, म्हणजे पडद्याच्या कर्णाच्या साधारण दुप्पट अंतरावर सरकवला. खिडकीला जाड कापड लावले, दुकानातला झगझगीतपणा कमी केला आणि चित्र मूळ मापात आणले. वरच्या भोकांवर आजोबांची तसबीर परत आली.

त्या रात्री आई बातम्या संपेपर्यंत बसली. काकांना जे सहज कळले होते, ते मला इतक्या उशिरा उमगले. तेव्हा मंडळी, टीव्ही घ्यायला निघालात तर दुकानात इंच जरूर विचारा. पण त्याआधी घरात जो सर्वांत जास्त वेळ बघणार आहे, त्याच्या जागेवर पाच मिनिटे बसून या.