बाटलीवरच्या खाचा

आजचा भाग एका बाटलीपासून सुरू करतो. पन्नाशी ओलांडलेल्यांना ती आठवत असेल. दवाखान्यात जाताना बाटली घरूनच न्यायची. कंपाउंडर तिच्यात गुलाबी मिक्श्चर ओतायचा, कागदाची पट्टी दुमडून कात्रीनं कोपरे उडवायचा आणि खळ लावून ती बाटलीवर चिकटवायचा. पट्टीच्या कडेला खाचा. एक खाच म्हणजे एक डोस. माझ्या आजीला अक्षरओळख नव्हती, पण दोन खाचा उरल्या की उद्या दवाखाना, हे तिला बरोबर कळायचं.

मात्र बाटलीत काय आहे, हे त्या पट्टीवर कुठंच नसायचं. ते डॉक्टर जाणे आणि कंपाउंडर जाणे.

आणि बाजारात भेसळ उदंड होती. कमी कसाचं क्विनाइन, नावापुरती औषधं. म्हणून सरकारनं 1930 मध्ये कर्नल रामनाथ चोप्रा यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमली. पुढच्याच वर्षी तिचा अहवाल आला. त्यातून 1940 चा औषध कायदा आणि 1945 चे नियम आले. औषधाचं नाव, बॅच नंबर, परवाना क्रमांक, कारखान्याचा पत्ता, मुदत हे सगळं लेबलावर आलं. हे उपकार मोठेच. पण नीट पाहा, हा मजकूर कोणासाठी आहे? मला तरी तो औषध निरीक्षकासाठी लिहिलेला वाटतो. घेणाऱ्याला हवं ते, म्हणजे किती आणि कधी, हे डॉक्टरांच्या चिठ्ठीवर गेलं. आणि चिठ्ठी हरवते.

आता बेंगळुरूला चला. राजगोपालाचारींचं नाव मिरवणाऱ्या राजाजीनगरात माझी मावशी राहते. वय अठ्ठ्याहत्तर. तिचं शिक्षण बेळगावच्या मराठी शाळेत झालं. बेळगाव तेव्हा मुंबई राज्यात होतं. कन्नड ती फर्डं बोलते, पण वाचते ती देवनागरीच. इंग्रजीतले आकडे तेवढे समजतात. दोन वर्षांपूर्वी तिचे पाय सुजले, चक्कर येऊ लागली. आम्ही गोळ्यांचा डबा पालथा केला. डॉक्टर बदलल्यावर नवी गोळी आली होती आणि जुनीही चालूच होती. नावं वेगळी, रंग वेगळे, पण दोन्हींत अ‍ॅम्लोडिपिनच. आठ दिवस ती रक्तदाबाचं औषध दुप्पट घेत होती.

मूळ औषधाचं नाव ब्रँडपेक्षा दोन आकारांनी मोठं छापावं, असा नियम 2018 मध्ये झाला. एकाहून जास्त औषधं एकत्र असलेल्या काही गोळ्यांना त्यातून सूट आहे. पण चकाकणाऱ्या पत्र्यावर, मोतीबिंदूच्या डोळ्यांना, परक्या लिपीत, दोन आकार मोठं म्हणजे किती मोठं?

मग आम्ही मोबाइल काढला. पत्र्यावर उजेड उसळतो, म्हणून स्ट्रिप काळ्या कापडावर ठेवायची, टॉर्च बंद, फोन जरा तिरका. फोटो मोठा करून पाहणं ती दोन दिवसांत शिकली. मुदतीची तारीख मात्र अनेकदा शाईविना, नुसती ठशानं उमटवलेली असते. तिथं कॅमेरा हरतो. आणि दुकानदारानं चार गोळ्या कापून दिल्या, की तारीख उरलेल्या तुकड्याबरोबर दुकानातच राहते.

भाषांतराच्या अ‍ॅपबद्दल मी सावध आहे. 2010 मध्ये न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स भागातल्या औषध दुकानांवर एक अभ्यास प्रसिद्ध झाला. संगणकानं केलेल्या स्पॅनिश लेबलांपैकी निम्म्यांत चुका निघाल्या. इंग्रजीत ‘वन्स’ म्हणजे एकदा. तीच अक्षरं स्पॅनिशमध्ये वाचली, तर ‘ओन्से’, म्हणजे अकरा! यंत्रं आज पुष्कळ सुधारली आहेत, तरी डोसाचा आकडा मी माणसाकडूनच तपासून घेतो.

1 ऑगस्ट 2023 पासून तीनशे खपाऊ ब्रँडच्या वेष्टनांवर बारकोड किंवा क्यूआर कोड सक्तीचा झाला. मावशीच्या एका खोक्यावर तो होता. मी मोठ्या उत्साहानं स्कॅन केला. औषधाचं नाव, बॅच, परवाना, कारखान्याचा पत्ता, मुदत असं सगळं पडद्यावर आलं.

मावशी म्हणाली, “बरं. पण जेवणाआधी की नंतर, ते कुठं आहे?”

ते कुठंच नव्हतं. बनावट औषध ओळखायला तो कोड आहे आणि ते काम महत्त्वाचंच. फक्त 1945 चं लेबल 2023 मध्ये चौकटीत जाऊन बसलं. वाचणारा अजून निरीक्षकच. युरोपीय संघानं 2004 मध्ये औषधाचं नाव वेष्टनावर ब्रेलमध्येही सक्तीचं केलं. अमेरिकेत औषधाच्या डबीवर रुग्णाचं नाव आणि डोस टाइप करून देतात, आणि बोलणारी लेबलंही तिथं मिळतात. आपल्याकडे गोळी कारखान्याच्या स्ट्रिपमध्येच हातात पडते, त्यामुळे डोस लिहायला मधे कोणी उरलेलाच नाही. कंपाउंडर गेला, त्याची जागा रिकामीच राहिली.

शेवटी डॉक्टरांना विचारून प्रत्येक गोळीसाठी मी माझ्या आवाजात एकेक मेसेज रेकॉर्ड केला आणि त्याच्या खाली त्या स्ट्रिपचा फोटो पाठवला. फोटो पाहायचा, वरचा मेसेज ऐकायचा. नवी चिठ्ठी आली की आधी तिचा फोटो माझ्याकडे, मग जुनी स्ट्रिप डब्याबाहेर.

गेल्या खेपेला गेलो, तर प्रत्येक स्ट्रिपला रबरबँडनं पुठ्ठ्याचा तुकडा बांधलेला. काहींच्या कडेला एक खाच, काहींच्या दोन. मी विचारलं, “हे काय गं?”

“एक म्हणजे सकाळची, दोन म्हणजे रात्रीची,” ती म्हणाली. “रात्री फोन चार्जिंगला असतो ना.”