गिधाडं कुणी मोजली होती?

मराठीत गिधाडाबद्दल चांगलं बोललेलं फारसं सापडत नाही. कुणाचा दुसऱ्याच्या जमिनीवर डोळा असला की तो "गिधाडासारखा टपून बसलाय" असं आपण सहज म्हणून जातो. एक जटायू काय तो अपवाद, पण त्याच्या बाबतीतही आपल्याला त्याची रामभक्ती आठवते, पक्षी नाही. असा हा नावडता पक्षी डोळ्यांदेखत नाहीसा झाला तर कुणाच्या लक्षात येईल? हा प्रश्न काल्पनिक नाही. १९९० च्या दशकात आपल्याकडे नेमकं हेच घडलं आणि ते लक्षात आलं याचं कारण फार साधं आहे. म्हणून ही गोष्ट.

१९८० च्या सुमारास भारतात गिधाडं इतकी होती की त्यांच्याकडे कुणी वळून बघत नसे. गावाबाहेर ढोर टाकायची एक ठरलेली जागा असायची. मेलेलं जनावर तिथे नेऊन टाकायचं, कातडं काढणारे कातडं काढून न्यायचे, मग आभाळातून हे खाली उतरायचे. मोठा थवा असला की तासाभरात उरायची ती फक्त हाडं. ज्या देशात गुरं कोट्यवधी आणि त्यातली बरीचशी म्हातारी होऊन मरणार, तिथे केवढी मोठी सोय ही! ना पगार, ना टेंडर, ना पेन्शन.

आता भरतपूरला जाऊया. राजस्थानातल्या या केवलादेव अभयारण्यात बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे विभू प्रकाश १९८० च्या दशकात शिकारी पक्ष्यांचा अभ्यास करत होते. त्यात पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची घरटीही त्यांनी मोजली. ती साडेतीनशेच्या वर भरली. हेच प्रकाश १९९६ मध्ये पुन्हा मोजायला गेले तर घरटी निम्म्याहूनही कमी! झाडांखाली मेलेली गिधाडं आणि फांद्यांवर मान खाली टाकून बसलेली आजारी गिधाडं. पुढच्या दोन-तीन वर्षांत तिथली वसाहत जवळजवळ संपलीच.

बरं, हे फक्त भरतपूरचं होतं का? इथेही जुनी नोंद कामाला आली. १९९१ ते ९३ च्या दरम्यान उत्तर भारतात ठरावीक रस्त्यांवरून गाडीने जात पक्षी मोजले गेले होते. २००० मध्ये त्याच रस्त्यांवरून पुन्हा मोजणी झाली. घट नव्वद टक्क्यांहून जास्त. २००७ पर्यंत तर पांढऱ्या पाठीच्या गिधाडांपैकी हजारात एकच उरलं होतं. लांब चोचीच्या गिधाडांचीही दशा जवळपास तशीच.

आमच्या धंद्यात एक नेहमीचा अनुभव असतो. सिस्टिम हळू झाली अशी तक्रार येते, पण आधी ती किती वेगाने चालत होती याचा लॉगच कुणी ठेवलेला नसतो. मग नुसता वाद. गिधाडांच्या बाबतीत तो लॉग होता. तो नसता तर "हल्ली गिधाडं दिसत नाहीत हो" यापुढे गाडी गेली नसती.

तर, कारण काय? सुरुवातीला सगळ्यांचा संशय एखाद्या साथीच्या रोगावर, विषाणूवर होता. कीटकनाशकांकडेही बोट दाखवून झालं. हाती काही लागेना. शेवटी उलगडा झाला तो पाकिस्तानी पंजाबात. लिंडसे ओक्स या अमेरिकन पशुवैद्यक शास्त्रज्ञाच्या गटाने तिथली मेलेली गिधाडं तपासली. बहुतेकांची मूत्रपिंडं निकामी झालेली आणि आतल्या अवयवांवर युरिक आम्लाचा पांढरा थर. मग त्यांनी एक सरळ प्रश्न विचारला. गिधाडं खातात गुरं. या गुरांना असं कोणतं औषध देतात जे मूत्रपिंडाला बाधेल? उत्तर आलं डायक्लोफिनॅक. हो, आपण गुडघा दुखला की घेतो तेच. थर साचलेल्या २५ पैकी २५ गिधाडांच्या मूत्रपिंडात ते सापडलं, थर नसलेल्या १३ पैकी एकाच्याही नाही. २००४ मध्ये हे 'नेचर' मध्ये प्रसिद्ध झालं.

यातलं गणित मला सगळ्यात भीतीदायक वाटतं. त्याच वर्षी दुसऱ्या एका अभ्यासाने दाखवलं की एवढा संहार व्हायला दर १३० ते ७६० मढ्यांमागे एकच मढं विषारी असलं तरी पुरे. एका ढोरावर डझनावारी गिधाडं जेवतात आणि एक गिधाड वर्षभरात कितीतरी ढोरांवर उतरतं. त्यात मादी वर्षाला एकच अंडं घालणार, पिल्लू मोठं होऊन जोडी जमवायला पाच-एक वर्षं लागणार. अशी प्रजा पटापट भरून निघत नाही.

आणि या गोष्टीत खलनायक शोधायला गेलात तर सापडत नाही. जंगलतोड किंवा शिकार म्हटलं की बोट दाखवायला कुणीतरी असतं. इथे आहे तो एक शेतकरी, ज्याचा बैल लंगडतोय, आणि त्याला परवडणारं एक स्वस्त इंजेक्शन. मुक्या जनावराचं दुखणं कमी करणं यात वाईट काय? पण ते जनावर मेल्यावर कुणाच्या पोटात जाणार, हा प्रश्न औषध बाजारात येण्यापूर्वी कुणी विचारलाच नव्हता.

बिल मात्र आलं. मढी कुजत पडू लागली, पाणी दूषित झालं, भटकी कुत्री वाढली. मुंबईत डुंगरवाडीवर पारशी समाजाची शतकांची अंत्यविधीची रीत अडचणीत आली आणि सूर्यकिरण एकवटणारी यंत्रं बसवावी लागली. इयल फ्रँक आणि अनंत सुदर्शन या अर्थशास्त्रज्ञांनी २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अंदाजानुसार २००० ते २००५ या काळात गिधाडं नसल्यामुळे भारतात सुमारे पाच लाख जास्तीची माणसं दगावली. पाच लाख!

आता थोडं बरं. कारण कळल्यावर दोन वर्षांत, २००६ मध्ये, जनावरांसाठीच्या डायक्लोफिनॅकवर बंदी आली. मेलोक्सिकॅम हा पर्याय गिधाडांना निर्धोक असल्याचं तपासून झालं होतं. तरी माणसांसाठीच्या मोठ्या कुप्या गोठ्यात जातच राहिल्या, म्हणून २०१५ मध्ये कुपीचा आकार ३ मिलीवर आणावा लागला. असेक्लोफिनॅक गुरांच्या शरीरात जाऊन डायक्लोफिनॅकच बनतं. ते आणि किटोप्रोफेन जनावरांसाठी बंद व्हायला २०२३ उजाडलं. निमेसुलाइडचा नंबर २०२४ च्या डिसेंबरअखेर लागला. म्हणजे एक बग सापडल्यावर त्याच जातीचे बाकीचे बंद करायला आपल्याला जवळजवळ दोन दशकं लागली. हरियाणात पिंजोरला पिंजऱ्यात वाढवलेली काही गिधाडं २०२४ मध्ये ताडोबा आणि पेंचला आणली गेली. रायगड जिल्ह्यात म्हसळ्याजवळ चिरगावच्या लोकांनी गिधाडांची घरटी असलेली झाडं राखली. हे प्रयत्न मोलाचे आहेत, पण पूर्वीची लाखोंची संख्या आपल्या हयातीत परत दिसेल असं वाटत नाही.

निसर्ग वाचवा म्हटलं की आपल्याला वाघ आठवतो, झाडं लावणं आठवतं. तेही हवंच. पण मला या गोष्टीतून घ्यावंसं वाटतं ते त्याहून कंटाळवाणं काम : मोजणं. आणि तेही जे मुबलक आहे, कुरूप आहे, ज्याची कुणाला पर्वा नाही, ते मोजणं. गिधाडं कोट्यवधी असताना भरतपूरच्या उन्हात एक माणूस त्यांची घरटी का मोजत होता, असं तेव्हा कुणी विचारलं असतं तर पटेल असं उत्तर देता आलं असतं का, शंकाच आहे. उत्तर दहा वर्षांनी मिळालं.

दर जानेवारीत पाणथळ जागांवरच्या पक्ष्यांची गणना होते, १९८७ पासून. त्यात हौशी लोकांनाही भाग घेता येतो. दुर्बीण, वही आणि एक सकाळ एवढंच लागतं. जमल्यास जा. आणि वहीत बगळा, कावळा, घारही लिहा. "ते काय, कायमच असतात" असं म्हणून सोडू नका.