राज्ये पालटली, दान टिकले

आपला इतिहास विचारला की आपले पहिले बोट कोरेगाव भीमाच्या विजयस्तंभाकडे जाते. ते योग्यच आहे. १ जानेवारी १८१८ ची लढाई आपल्याच शिरूर तालुक्यात झाली आणि १ जानेवारी १९२७ रोजी बाबासाहेब तिथे मानवंदना द्यायला आले. पण एक सत्ता जाऊन दुसरी येणे, हे या मुलखाने त्याच्या किती तरी आधी पाहिले आहे, आणि त्या जुन्या हकिगतीत भिक्खुसंघ अगदी मधोमध उभा आहे. ती हकिगत आम्ही घरात मुलांना कधी सांगितली नाही. म्हणून वर्धापनदिनाच्या निमित्ताने ती इथे सांगत आहोत.

जुन्नरचे पाणी कुकडीतून घोडनदीत येते आणि घोडनदी भीमेला मिळते. शिरूरला तर आपण अजून घोडनदीच म्हणतो, आणि दौंड भीमेच्या काठी. म्हणजे जुन्नर आपल्याला परके नाही. या जुन्नरवरून नाणेघाटाने कोकणात उतरायची जुनी वाट होती. खाली कल्याण, सोपारा ही बंदरे. वाट ज्याच्या हाती, जकात त्याच्या हाती. भांडण पेटले ते इथेच.

सुमारे १९०० वर्षांपूर्वी हा मुलूख सातवाहनांचा. पश्चिमेकडून क्षहरात वंशाचे शक क्षत्रप आले आणि त्यांनी कोकण, नाशिक, मावळ, जुन्नर घेतले. त्या काळच्या एका ग्रीक खलाशाने लिहून ठेवले आहे की, कल्याणला चुकून आलेली जहाजे पहाऱ्यात भडोचला नेली जात. क्षत्रपांचा राजा नहपान. त्याचा अमात्य अयम याचा शिलालेख जुन्नरच्या मानमोडी डोंगरात आजही आहे. त्यात वर्ष ४६ दिले आहे.

हे शक बाहेरून आलेले. पण नहपानाचा जावई उषवदात याने नाशिकला भिक्खूंसाठी लेणे कोरविले आणि ३००० कार्षापण कायमची ठेव म्हणून विणकरांच्या श्रेणींकडे ठेवले. श्रेणी म्हणजे धंदेवाल्यांची पतपेढीच म्हणा ना! त्यांपैकी २००० वर दरमहा शेकडा १ व्याज. हिशोब करून पाहा : महिन्याला २०, वर्षाला २४०. वर्षावासाला राहणाऱ्या २० भिक्खूंना चीवरासाठी प्रत्येकी १२ कार्षापण. मूळ रकमेला हात लावायचा नाही. कार्ल्याच्या भिक्खूंसाठी त्याने करजिक नावाचे गावही दिले. आणि दान करणारे फक्त राजघराण्यातलेच नव्हते. जुन्नरला इरिल, चिट, चंद या यवनांची दाने कोरलेली आहेत. कुणी पाण्याची टाकी दिली, कुणी भोजनमंडप.

पुढे सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने क्षहरातांचा पाडाव केला. घराणे पार बुडाले. १९०६ साली नाशिकजवळ जोगळटेंभी येथे नहपानाच्या चांदीच्या नाण्यांचा साठा सापडला. १३,००० हून जास्त नाणी, आणि त्यांतल्या ९,००० हून जास्त नाण्यांवर गौतमीपुत्राने आपला छाप मारलेला. नाणे तेच, चांदी तीच, मालक बदलला. चीनच्या हान साम्राज्याने इ. स. पूर्व १०९ मध्ये सरहद्दीवरचे दिएन राज्य जिंकले, तेव्हा तिथल्या राजाला सोन्याची मोहर दिली. ती मोहर १९५६ साली सापडली. कुठे मोहर देऊन, कुठे नाण्यावर छाप मारून, राज्य पचविण्याची रीत सगळीकडे सारखीच दिसते.

मग संघाला दिलेल्या दानांचे काय झाले? शत्रूचे दान म्हणून जप्त झाले का? नाही. करजिक गाव कार्ल्याच्या भिक्खूंकडेच राहावे, असा हुकूम सातवाहनांकडून मावळच्या अमात्याला गेला. नाशिकला उषवदाताच्या ताब्यात असलेले शेत गौतमीपुत्राने आपल्या राज्याच्या १८ व्या वर्षी भिक्खूंना दिले. सहा वर्षांनी, २४ व्या वर्षी, दुसरा हुकूम निघाला. त्यात सरळ कबुली आहे की ते शेत कसले जात नाही, गावात वस्तीच नाही! म्हणून त्याऐवजी शहराच्या शिवेवरची १०० निवर्तने राजाची जमीन देण्यात आली. या हुकमात राजमातेचेही नाव आहे. लढाईत जिंकले कोण, हे प्रशस्तीत मोठ्या अक्षरांत लिहिलेले असते. पण उठून गेलेले गाव आणि पडीक रान दिसते ते अशा साध्या हुकमात.

खरे तेही सांगितले पाहिजे. राजमाता गौतमी बलश्रीने नाशिकचे लेणे भिक्खूंना दान दिले. त्याच लेखात तिने आपल्या मुलाची थोरवी सांगताना त्याने चातुर्वर्ण्याचा संकर थांबविला असेही कोरविले आहे. म्हणजे संघाला दान देणारे हात वर्णव्यवस्थाही राखत होते. आपण ते दान मानावे, पण डोळे मिटून राजाची आरती करू नये.

आणि संकर थांबला का? छे! थोड्याच काळात सातवाहनांच्याच घरात शक महाक्षत्रप रुद्रदामनाची मुलगी सून म्हणून आली. कान्हेरीच्या शिलालेखात त्याची नोंद आहे. इ. स. १५० च्या जुनागड लेखात रुद्रदामन सांगतो की, सातकर्णीला दोनदा हरविले, पण जवळचे नाते म्हणून त्याचे राज्य बुडविले नाही. शक आले, लढले, सोयरे झाले आणि याच मातीत मिसळून गेले. आज आपल्यापैकी कुणाच्या अंगात कोणते रक्त आहे, हे कोण सांगणार?

क्षहरात गेले, सातवाहनही गेले. पण पाण्याची टाकी देणाऱ्या इरिलाचे नाव राहिले. आपल्या विहारासाठी कुणी विटा दिल्या, कुणी सिमेंटची गोणी, कुणी आठवड्याची मजुरी. उषवदाताचे गाव मोठे आणि आपली गोणी लहान, असे कुणी समजू नये. त्या सगळ्यांची नावे वहीत नीट उतरवून ठेवा, विहाराच्या जागेचे कागद जपून ठेवा, आणि मुलांना एकदा तरी जुन्नर, कार्ले दाखवा. जुन्या भिक्खूंनी आपला हक्क दगडावर कोरून घेतला, म्हणून आज आपण तो वाचू शकतो.

भवतु सब्ब मंगलं!