लिस्बनचे ओनील

लिस्बनच्या पश्चिमेस कश्काइश नावाचे समुद्रकाठचे नगर आहे. तेथे एका लहानशा खाडीच्या तोंडाशी बुरुजाची एक हवेली उभी आहे. भरतीचे पाणी थेट तिच्या पायथ्याशी येते. ही हवेली विसाव्या शतकाच्या आरंभी जॉर्ज ओनील या धनिकाने बांधविली. आत संगीताच्या दालनाचे छत पाहावे, तर तेथे त्रिदळ पाने रंगविलेली! हे त्रिदळ, म्हणजे शॅमरॉक, आयर्लंडचे चिन्ह होय. पोर्तुगालच्या किनाऱ्यावर ते कसे उमटले, याची कथा एका राज्यभ्रष्ट कुळाची कथा आहे.

ओनील हे आयर्लंडच्या उत्तरेकडील अल्स्टर प्रांताचे राजकुळ. त्यांच्या ध्वजावर लाल पंजा असे. दंतकथा अशी, की जो प्रथम किनाऱ्याला हात लावील त्याची भूमी, अशी होड्यांची शर्यत लागली असता मागे पडलेल्या वीराने स्वतःचा हात तोडून किनाऱ्यावर फेकला. कथा खरी मानण्याचे कारण नाही. परंतु भूमीवरच्या हक्काविषयी त्या लोकांची भावना काय होती, हे तिच्यावरून चांगले कळते. या कुळात थोरला मुलगा तोच वारस असा नियम नव्हता. भाऊबंदांतून कर्ता पुरुष निवडीत आणि तुलाहोग येथील शिलासनावर त्यास बसवीत. 1602 साली इंग्रज सेनापती माउंटजॉय याने ते शिलासनच फोडून टाकले. 1607 मध्ये टिरोनचा अर्ल ह्यू ओनील देश सोडून गेला आणि 1616 मध्ये रोमला वारला.

आपल्या कथेतील ओनील मात्र या मुख्य शाखेचे नव्हेत. ते क्लॅनडीबॉयचे, तेराव्या शतकातील पिवळ्या केसांच्या ह्यूचे वंशज. त्यांची वाताहत तर आधीच सुरू झाली होती. 1574 साली बेलफास्ट येथे मेजवानीच्या प्रसंगीच एसेक्सच्या अर्लने त्यांचा नायक ब्रायन यास पकडले आणि पुढे ठार केले. त्यानंतर जमिनी तुकड्यातुकड्याने स्कॉट व इंग्रज वसाहतकारांच्या हाती गेल्या. 1690 साली बॉइन नदीकाठी जेम्स राजाचा पराभव झाल्यावर कॅथलिकांवर कायद्यांचा जाच बसला. जमीन विकत घेता येईना, अधिकाराची जागा मिळेना. ज्यांना धर्म सोडावयाचा नव्हता, त्यांनी देश सोडला.

लिस्बन त्यांना सर्वस्वी परके नव्हते. आयरिश विद्यार्थ्यांसाठी तेथे 1590 पासून पाठशाळा होती. आयरिश डॉमिनिकन साधूंचा मठ होता. अठराव्या शतकात या शाखेचा शेन ओनील पोर्तुगालात स्थायिक झाला. नव्या शेजाऱ्यांनी त्याचे नाव झुआंव करून टाकले. आणि येथेच एक लक्षात घेण्याजोगी गोष्ट घडली. स्पेन-फ्रान्सला गेलेले बहुतेक आयरिश सरदार परक्या राजाच्या पलटणीत तलवार गाजवीत राहिले. हे कुळ मात्र पेढीवर बसले. तोर्लादेश घराण्याशी संबंध जुळून सेतुबल बंदरात त्यांचा व्यापार वाढला. सेतुबलचे मीठ उत्तर युरोपातील मासे खारविणाऱ्यांना हवे असे, म्हणून डेन्मार्कशी त्यांचा घरोबा जडला. ओनीलांची मुले शिकावयास कोपनहेगनला गेली. तेथे त्यांची हान्स अँडरसनशी ओळख झाली. आणि 1866 च्या उन्हाळ्यात तो जगप्रसिद्ध कथाकार लिस्बनला जॉर्जकडे, सेतुबलला कार्लोसकडे आणि सिंत्र्याला जोझेकडे पाहुणा म्हणून राहून गेला. त्या मुक्कामाचे त्याचे प्रवासवर्णन 1868 साली निघाले.

पैसा आला, दरबारी वर्तुळात सोयरिकी झाल्या, सान्ता मोनिकाचा व्हायकाउंट ही पदवीही कुळात आली. पण ओनीलांना पोर्तुगालच्या राजाने दिलेल्या मानावर समाधान नव्हते. आपल्याकडे वतनाच्या वादात देशमुख-देशपांडे मंडळी करीणे आणि महजर पंचांपुढे ठेवीत, तसे कश्काइशच्या हवेलीच्या या धन्याने आपली वंशावळ लंडनला नेली. 1896 साली तेथील राजमुद्रांच्या कचेरीने क्लॅनडीबॉयचा नायक म्हणून त्यास मान्यता दिली. यातील विपरीत प्रकार पाहा. ज्या सत्तेने शिलासन फोडले, तिच्याच दप्तरातून आता नायकत्वाचा दाखला मिळावयाचा! शिवाय तो बापाकडून मुलाकडे जाणाऱ्या सरळ रेषेवर; भाऊबंदांच्या निवडीने नव्हे. माझ्या मते दाखल्याची उणीव हीच, की त्याने नाव वाचविले आणि नावामागची रीत सोडून दिली. पण जमीन गेल्यावर दोन शतके नुसत्या नावावर जगणाऱ्यांना याहून वेगळे काय करता येणार होते?

पुढे जॉर्जला आर्थिक ओढ लागली. 1910 साली त्याने हवेली काश्त्रु गिमाराइशच्या काउंटला विकली. 1931 पासून ती संग्रहालय झाली. त्याच 1910 च्या ऑक्टोबरात पोर्तुगालात प्रजासत्ताक आले आणि सरदारी पदव्या रद्द झाल्या. परंतु क्लॅनडीबॉयचे नायकपद पोर्तुगीज राजाने दिलेलेच नव्हते. ते प्रजासत्ताकाला काढून घेता आले नाही.

नाव टिकले ते मात्र केवळ नायकाच्या घरातच नव्हे. पोर्तुगालात आईचे, आजीचे आडनावही मुलांकडे येते. मारिया ओनील या लेखिकेचा नातू आलेशांद्र ओनील याला ते असेच मिळाले. तो 1924 साली लिस्बनला जन्मला. 1947 साली तेथील अतिवास्तववादी मंडळाच्या संस्थापकांत होता. जाहिरातींचा मजकूर लिहून पोट भरी आणि कविता करी. 1950 च्या सुमारास एका फ्रेंच लेखिकेवर त्याचे मन जडले. तिच्यामागून पॅरिसला जावे म्हणून त्याने पारपत्र मागितले. सालाझारच्या गुप्त पोलिसांनी ते नाकारले, आणि देशत्याग करून आलेल्या कुळाचा हा वंशज लिस्बनमध्येच अडकून पडला.