इस्पितळातले वसतिगृह

बर्कले येथील कॅलिफोर्निया विद्यापीठापुढे १९६२ साली एक प्रश्न आला. वरवर पाहता तो बांधकाम खात्याचा होता. एका नव्या विद्यार्थ्याला राहायला खोली हवी होती. त्याच्याबरोबर सुमारे ३६० किलो वजनाचे एक यंत्र येणार होते, आणि त्याचा भार पेलेल अशी जमीन विद्यापीठाच्या वसतिगृहांत सापडत नव्हती.

विद्यार्थ्याचे नाव एड रॉबर्ट्‌स आणि यंत्राचे नाव 'आयर्न लंग', म्हणजे लोखंडी फुप्फुस. रॉबर्ट्‌सला १९५३ साली, वयाच्या चौदाव्या वर्षी पोलिओ झाला. साल्क यांची लस यशस्वी ठरल्याचे जाहीर झाले ते एप्रिल १९५५ मध्ये; दोन वर्षांची चुकामूक झाली म्हणायची. मानेखालचे जवळजवळ सगळे शरीर लुळे पडले. एका हाताची दोन बोटे आणि पायाची काही बोटे तेवढी हलत. श्वासाचे स्नायूही गेले होते, म्हणून रात्रभर आणि दिवसाचा बराच वेळ त्याला त्या यंत्रात पडून राहावे लागे.

हे यंत्र शिक्षकांना परके वाटायचे कारण नाही. काचेची हंडी, आत दोन फुगे आणि तळाला ताणून बसवलेला रबरी पडदा, हे श्वसनाचे साधन बहुतेक शाळांच्या कपाटात असते. पडदा खाली ओढला की हंडीतला दाब कमी होतो आणि बाहेरची हवा फुग्यांत शिरते. ड्रिंकर आणि शॉ यांनी १९२८ साली अमेरिकेत वापरात आणलेले लोखंडी फुप्फुस याच तत्त्वावर चालते. रुग्णाचे धड हवाबंद नळकांड्यात आणि डोके बाहेर. पंप आतला दाब कमी-जास्त करतो आणि छाती वरखाली होते. यंत्राबाहेर असताना रॉबर्ट्‌स जीभ आणि घशाच्या स्नायूंनी हवेचे घोट घेऊन ती फुप्फुसात ढकलत असे. बेडूकही हवा अशीच ढकलतो, म्हणून या युक्तीला बेडूक-श्वसन म्हणतात. या श्वासावर तो वर्गात बसे.

वर्गापर्यंत पोचण्याची वाटही सरळ नव्हती. सुरुवातीला तो घरूनच टेलिफोनच्या जोडणीवरून शाळेतले तास ऐके. आठवड्यातून एकदा तरी शाळेत गेलेच पाहिजे, हा त्याच्या आईचा, झोना रॉबर्ट्‌स यांचा हट्ट. शाळेचा अभ्यासक्रम पुरा झाला तेव्हा वेगळीच अडचण निघाली. मोटार चालवण्याचे शिक्षण आणि शारीरिक शिक्षण हे विषय पुरे केलेले नाहीत, सबब शालान्त प्रमाणपत्र देता येत नाही! झोनाबाई वरपर्यंत भांडल्या आणि ते प्रमाणपत्र त्याला मिळाले.

या प्रसंगावर हसून पुढे जाणे सोपे आहे. पण नियमाच्या बाजूने पाहिले तर अधिकाऱ्याचे काही चुकत नव्हते. यादीतले दोन विषय खरोखरच राहिले होते. या प्रमाणपत्राने नेमके काय सिद्ध व्हायचे आहे, हा प्रश्न मात्र कोणी विचारला नव्हता. अपंग विद्यार्थी आणि विद्यापीठे यांच्यातला पुढच्या साठ वर्षांचा वाद आम्हाला तरी याच प्रश्नाभोवती फिरताना दिसतो.

सॅन मॅटिओच्या महाविद्यालयात त्याच्या मार्गदर्शक जीन वर्थ यांनी त्याला बर्कलेला जाण्याचा आग्रह केला. खर्चासाठी अर्ज केला तो राज्याच्या पुनर्वसन खात्याकडे. हा माणूस कधी नोकरी करू शकणार नाही, तेव्हा त्याच्या शिक्षणावर पैसा घालवणे व्यर्थ, असा शेरा खात्याने मारला. वर्तमानपत्रांतून बोभाटा झाल्यावर तो मागे घ्यावा लागला. विद्यापीठातले एक डीन तर म्हणाले, की आम्ही पूर्वी पांगळे घेऊन पाहिले आहेत, ते जमले नाही. त्याच हंगामात मिसिसिपी विद्यापीठात जेम्स मेरेडिथ हा पहिला कृष्णवर्णीय विद्यार्थी केंद्र सरकारच्या बंदोबस्तात दाखल होत होता. तिकडे सगळ्या देशाचे लक्ष होते. बर्कलेकडे पाहायला कोणाला सवड नव्हती.

जागेचा प्रश्न सोडवला विद्यापीठाच्या आरोग्यसेवेचे प्रमुख डॉ. हेन्री ब्रुइन यांनी. पोलिओच्या साथींतून वाचलेली मुले आता महाविद्यालयीन वयाची होत होती. आज एक आला आहे, उद्या आणखी येतील, हे त्यांना दिसत होते. आवारातल्या कॉवेल इस्पितळाचा एक भाग रिकामा होता आणि तिथली जमीन भक्कम होती. रॉबर्ट्‌सने एक अट घातली. मी इथे रुग्ण म्हणून राहणार नाही. या जागेला वसतिगृह समजायचे. ब्रुइननी ती मानली. खोली तीच, खाट तीच, पण रुग्णाने केव्हा उठावे आणि कोणाला भेटावे हे डॉक्टर ठरवतो आणि वसतिगृहातला मुलगा ते स्वतः ठरवतो.

पुढच्या वर्षी जॉन हेस्लर आला, आणि १९६९ पर्यंत कॉवेलमध्ये असे बारा विद्यार्थी झाले. रात्री उशिरापर्यंत गप्पा चालत. मदतनीस कसा नेमावा, कसा काढावा, कोणत्या इमारतीला मागच्या दाराने चाकाची खुर्ची जाते, हे ज्ञान तिथे एकाकडून दुसऱ्याकडे गेले. स्वतःला ते 'रोलिंग क्वाड्‌स' म्हणवत. पुनर्वसन खात्याच्या एका सल्लागाराने यांतल्या दोघांना बाहेर काढायचे ठरवले, तेव्हा सगळे एकत्र उठले आणि तो बेत हाणून पाडला. बर्कलेत तेव्हा चळवळींची हवाच होती, त्याचाही हातभार लागला असेल.

रॉबर्ट्‌सच्या खुर्चीची हकिगत विज्ञानाच्या शिक्षकांनी जरूर सांगावी. प्रथम त्याची खुर्ची मदतनीस ढकलत असे. विजेवर चालणारी खुर्ची त्याला जमणार नाही, असे तज्ज्ञांचे मत होते, कारण तिचा दांडा पुढे ढकलण्याची ताकद त्याच्या बोटांत नव्हती. पुढे तो एका मुलीच्या प्रेमात पडला आणि पाठीमागे सदैव तिसरा माणूस उभा असणे त्याला फारच गैरसोयीचे वाटू लागले! मग लक्षात आले, की त्याला दांडा ढकलता येत नसला तरी ओढता येतो. नियंत्रकाची पेटी १८० अंशांतून फिरवून बसवली आणि खुर्ची चालू लागली. बोटे होती तशीच राहिली.

सरकारी अनुदानावर १९७० साली विद्यापीठात अपंग विद्यार्थ्यांसाठी स्वतंत्र विभाग सुरू झाला. तो चालवणाऱ्यांत स्वतः अपंग असलेले लोक होते, हे त्याचे वैशिष्ट्य. खुर्च्यांची दुरुस्ती, मदतनिसांची यादी, अंधांसाठी वाचक, राहण्याजोग्या घरांचा शोध, असे अगदी रोजचे काम तिथे चाले. आवाराबाहेरच्या लोकांसाठी १९७२ साली त्यातूनच स्वतंत्र जीवन केंद्र निघाले. आणि १९७५ साली राज्यपालांनी पुनर्वसन खात्याच्या संचालकपदी नेमले ते एड रॉबर्ट्‌सना. कधीच नोकरी करू शकणार नाही असा शेरा मारणाऱ्या त्याच खात्याच्या.

आतापर्यंतची कथा एका विद्यापीठाच्या भलेपणाची आणि काही जणांच्या चिकाटीची झाली. हक्क म्हणून काही मागता येईल अशी सोय १९७३ च्या पुनर्वसन कायद्यातल्या कलम ५०४ ने झाली. केंद्राचा पैसा घेणाऱ्या कोणत्याही संस्थेने केवळ अपंगत्वाच्या कारणावरून कोणाला वगळू नये, एवढाच त्याचा आशय. पण नियम केल्याशिवाय कलम लागू होईना आणि नियमांवर सही होईना. अखेर ५ एप्रिल १९७७ रोजी सॅन फ्रान्सिस्कोतल्या सरकारी इमारतीत शेकडो अपंग माणसे शिरली आणि तीन आठवड्यांहून अधिक काळ ठाण मांडून बसली. २८ एप्रिलला मंत्री जोसेफ कॅलिफानो यांनी सही केली.

या नियमांत परीक्षांविषयी एक तरतूद आहे, ती प्रत्येक परीक्षकाने वाचावी अशी आहे. तिचा भावार्थ असा: परीक्षेच्या निकालात विद्यार्थ्याने विषयात काय मिळवले ते दिसावे, त्याची दृष्टी, हात किंवा वाचा यांतला दोष दिसू नये. मात्र तेच कौशल्य मोजणे हा परीक्षेचा हेतू असेल तर गोष्ट वेगळी. प्रयोगशाळेत आपण दुसरे काय करतो? तराजूचा काटा मुळातच दोन ग्रॅमवर असेल, तर तेवढे वजा केल्यावाचून वजन लिहीत नाही. याला आपण पदार्थावर केलेली मेहेरबानी म्हणत नाही. ज्याचा हात आखडतो त्याला इतिहासाचा तीन तासांचा पेपर हाताने लिहायला लावला, तर येणाऱ्या गुणांत इतिहास किती आणि हात किती हे कसे कळणार?

शाळा आणि विद्यापीठ यांत एक मोठा फरक अमेरिकेत राहिला, आणि पालकांना तो बहुधा उशिरा कळतो. तिथल्या १९७५ च्या कायद्याने अपंग मूल शोधून काढण्याची जबाबदारी शाळांवर टाकली. विद्यापीठात मात्र विद्यार्थ्याने स्वतः जाऊन आपली अडचण सांगायची, कागदपत्रे द्यायची आणि काय हवे ते मागायचे. ज्याची अडचण दिसत नाही त्याला हे फार जड जाते. खुर्चीवरच्या मुलाला निदान आपण खोटे बोलत नाही हे सिद्ध करावे लागत नाही.

विद्यापीठाने कुठवर वाकायचे, हाही प्रश्न होताच. सर्वोच्च न्यायालयाने १९७९ साली एका प्रकरणात महाविद्यालयाच्या बाजूने निकाल दिला. ऐकण्यात मोठा दोष असलेल्या एका स्त्रीला परिचारिकेचे शिक्षण घ्यायचे होते. ती ओठांच्या हालचालींवरून बोलणे समजून घेई, आणि शस्त्रक्रियागृहात तर सगळ्यांची तोंडे झाकलेली. अभ्यासक्रमाचा गाभाच बदलण्याची सक्ती संस्थेवर करता येत नाही, असे न्यायालयाने म्हटले. (चेहरा दिसेल अशा पारदर्शक मुखपट्ट्या आता मिळतात. गाभा म्हणजे काय, हे कधीकधी उपलब्ध साधनांवर ठरते.)

गाभ्याचा हा मुद्दा चिघळला तो बॉस्टन विद्यापीठात. डिस्लेक्सियासारखी अध्ययन-अक्षमता असलेल्या विद्यार्थ्यांसाठी तिथे चांगला विभाग होता. पण जॉन वेस्टलिंग या वरिष्ठ अधिकाऱ्यांना, जे पुढे विद्यापीठाचे अध्यक्ष झाले, हे सगळे थोतांड वाटे. १९९५ साली एका भाषणात त्यांनी 'झोपाळू समॅन्था' या विद्यार्थिनीची गोष्ट सांगितली. तिने येऊन जादा वेळ मागितला, पुढच्या बाकावर जागा मागितली, आणि वर सांगितले की मला वर्गात डुलकी लागेल तेव्हा चुकलेला भाग नंतर कोणीतरी भरून द्यावा. श्रोते हसले असतील. मग विद्यापीठाने नियम कडक केले: प्रमाणपत्र तीन वर्षांपेक्षा जुने नको, तपासणारा अमुक पदवीचाच हवा, परकीय भाषेऐवजी दुसरा विषय मुळीच मिळणार नाही. विद्यार्थी न्यायालयात गेले. तिथे शपथेवर वेस्टलिंगना कबूल करावे लागले, की समॅन्था अस्तित्वातच नव्हती; ती त्यांनी रचली होती.

न्यायाधीश पॅटी सॅरिस यांचा १९९७ चा निकाल एकतर्फी नव्हता. कल्पित पात्रांवर आणि पूर्वग्रहांवर धोरण बेतणे बेकायदेशीर, असे सांगून त्यांनी काही विद्यार्थ्यांना भरपाई दिली. परकीय भाषेबाबत मात्र विद्यापीठाने शिक्षकांची समिती नेमून खरोखर विचार करावा, असा आदेश दिला. समितीने विचार केला आणि भाषा हा पदवीचा गाभाच आहे असे ठरवले. १९९८ साली न्यायालयाने ते मान्य केले. म्हणजे विद्यार्थ्यांना भाषेतून सुटका मिळाली नाही. त्यांना कारणे मिळाली. आमच्या मते हेही थोडे नाही.

वेस्टलिंगांच्या शंकेत अर्थच नव्हता असे मात्र नाही. जो पेपर कोणालाच वेळेत पुरा होत नाही, त्यात अर्धा तास जादा मिळाला तर कोणाचेही गुण वाढतील. पण मग वेगाला इतके महत्त्व का दिले, हे आधी पेपर काढणाऱ्याने सांगितले पाहिजे.

आपल्याकडे या गोष्टींना 'सवलत' म्हणतात, आणि एसटीच्या अर्ध्या तिकिटालाही सवलतच म्हणतात. शब्दाचा परिणाम होतो; सवलत घेणाऱ्याकडे रांगेतले लोक जरा तिरकेच पाहतात. आपल्या १९९५ च्या अपंग व्यक्ती कायद्यात सात प्रकारची अपंगत्वे होती. २०१६ च्या कायद्यात ती एकवीस झाली आणि 'वाजवी सोय' ही कल्पना कायद्याच्या भाषेत आली. तरी टक्क्यांचे प्रमाणपत्र हीच किल्ली राहिली. लिहिताना हात आखडण्याचा विकार असलेल्या एका डॉक्टरला केंद्रीय लोकसेवा आयोगाने लेखनिक नाकारला, कारण त्याचा विकार ठरलेल्या प्रकारांत बसत नव्हता. फेब्रुवारी २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की ४० टक्के अपंगत्वाची अट लेखनिकासाठी लावता येणार नाही. त्यानुसार ऑगस्ट २०२२ मध्ये केंद्राने नवी मार्गदर्शक तत्त्वे काढली.

वैद्यकीय प्रवेशात तर हीच ४० टक्क्यांची रेघ उलट्या बाजूनेही आडवी येई. महाराष्ट्रातल्या एका विद्यार्थ्याचे वाचा-दोषाचे प्रमाण चाळिशीच्या पुढे मोजले गेले. त्यामुळे तो राखीव जागेला पात्र ठरला आणि त्याच आकड्यामुळे एमबीबीएसला अपात्र! प्रकरण मुंबई उच्च न्यायालयातून सर्वोच्च न्यायालयात गेले. न्यायालयाने त्याची तपासणी दिल्लीतल्या मौलाना आझाद वैद्यकीय महाविद्यालयाच्या मंडळाकडून करवली, आणि तो हा अभ्यासक्रम पुरा करू शकेल असा निर्वाळा मंडळाने दिला. ऑक्टोबर २०२४ च्या निकालात न्यायालयाने म्हटले, की नुसत्या टक्क्यांवरून कोणाला बाद करू नये. हे अपंगत्व या अभ्यासक्रमाच्या आड येते का, ते मंडळाने पाहावे, आणि येते असे वाटले तर त्याची कारणे लिहून द्यावीत.