टाइमस्टॅम्प-सूक्ष्मता

टाइमस्टॅम्प-सूक्ष्मता : संगणकीय नोंदीवरील वेळ सेकंदाच्या किती लहान अंशापर्यंत लिहिली आहे ते दाखवणारे मान. एपीआयच्या वर्णनावरून साधनाने आपोआप तयार केलेल्या क्लायंट कोडमध्ये ते नकळत घटू शकते.

माने : पंचांगातील विपळ ०.४ सेकंदाचे असते. तेवढ्यात ४०० मिलिसेकंद, ४ लाख मायक्रोसेकंद किंवा ४० कोटी नॅनोसेकंद होतात.

लेखनपद्धती : २००२ मधील आरएफसी ३३३९ हे मानक सेकंदाच्या दशांशस्थळांवर कमाल मर्यादा घालत नाही, एपीआयच्या वर्णनासाठीच्या ओपनएपीआयमधील ‘डेट-टाइम’ हा वेळेचा प्रकार त्यावरच आधारलेला आहे. धरमपेठेतील एखाद्या दुकानाची ऑर्डर सर्व्हरवर १०:१५:०७.१२३४५६+०५:३० अशी नोंदली जाऊ शकते. शेवटचा भाग भारतीय प्रमाणवेळ दाखवतो.

ऱ्हासाची कारणे : कोड तयार करणारे साधन ‘डेट-टाइम’ला त्या त्या भाषेतील प्रकार जोडते आणि प्रत्येक प्रकाराची कुवत वेगळी असते. जावास्क्रिप्टचा ‘डेट’ मिलिसेकंदापर्यंत, पायथनचा ‘डेटटाइम’ मायक्रोसेकंदापर्यंत, तर जावा ८ पासूनचा ‘इन्स्टंट’ नॅनोसेकंदापर्यंत वेळ धरतो. त्यामुळे वरील वेळ जावास्क्रिप्टच्या ‘डेट’मध्ये ०७.१२३ एवढीच उरते. १९७० पासूनचे नॅनोसेकंद अंकरूपाने पाठवले तरी अडचण येतेच : ती संख्या १९ अंकी असते आणि जावास्क्रिप्टची साधी संख्या ९००७१९९२५४७४०९९१ पर्यंतचेच पूर्णांक खात्रीने धरते.

परिणाम : क्लायंटने ‘०७.१२३ नंतरच्या नोंदी द्या’ असे विचारले, की आधी मिळालेली ०७.१२३४५६ ची नोंद पुन्हा येते, ‘०७.१२३ पर्यंतच्या’ म्हटले, तर तीच नोंद निसटते. शेवटच्या बदलाची वेळ जुळवून दुरुस्ती स्वीकारणारा सर्व्हर योग्य दुरुस्तीही नाकारतो.

उपाय : सर्व्हरकडून आलेली वेळ मजकूर म्हणून जशीच्या तशी जपावी आणि परत पाठवताना तीच पाठवावी, ‘डेट’ केवळ पडद्यावर दाखवण्यासाठी वापरावा. हा बदल साधनाच्या प्रकार-जोडणीत किंवा साच्यात करावा. तयार फायलीत हाताने केलेली दुरुस्ती पुढच्या निर्मितीत पुसली जाते. चाचणीसाठी ९ दशांशस्थळांची, शेवटचा अंक शून्य नसलेली वेळ घ्यावी आणि ती वाचून पुन्हा लिहिल्यावर अक्षरशः तशीच उरते का, हे पाहावे. ०.००० वर संपणाऱ्या वेळेची चाचणी हा दोष उघड करू शकत नाही. क्लायंटमध्ये गळलेले अंक उरलेल्या वेळेवरून परत काढता येत नाहीत.