लास पाल्मास : अटलांटिकपूर्वीचा अखेरचा बाजार

शिडाच्या नौकेने अटलांटिक महासागर ओलांडणाऱ्यांच्या दृष्टीने स्पेनच्या कॅनरी बेटांवरील लास पाल्मास हे बंदर महत्त्वाचे मानले जाते. आफ्रिकेच्या वायव्य किनाऱ्यासमोरील ग्रान कनारिया बेटावर ते वसले आहे. 'अटलांटिक रॅली फॉर क्रूझर्स' या उपक्रमातील नौकांचा ताफा १९८६ पासून दरवर्षी नोव्हेंबरमध्ये येथून कॅरिबियन समुद्राकडे निघतो. प्रारंभी या प्रवासाची अखेर बार्बाडोसला होत असे. १९९० पासून ती सेंट लुसिया बेटावर होते. अंतर सुमारे २,७०० सागरी मैल, म्हणजे ५,००० किलोमीटर. बहुतेक नौकांना त्यासाठी अडीच ते तीन आठवडे लागतात.

नोव्हेंबरअखेर कॅरिबियनमधील चक्रीवादळांचा मोसम संपतो आणि ईशान्येकडून वाहणारे व्यापारी वारे नौकेला पश्चिमेकडे लोटू लागतात. मात्र हेच वारे परतीची वाट बिकट करतात. दूरवर गेल्यावर एखादी वस्तू राहिल्याचे ध्यानात आले, तरी वाऱ्याविरुद्ध मागे फिरणे जवळपास अशक्य असते. त्यामुळे बंदरातील मुक्काम वरकरणी सहलीसारखा दिसला, तरी त्याचा बराचसा वेळ याद्या करण्यात आणि सामान जमविण्यात जातो.

शिधा आणि पाणी

दर माणशी दररोज ३ लिटर पाणी धरले, तरी चौघांना २१ दिवसांत २५२ लिटर पाणी लागते. समुद्राचे पाणी गोडे करणारे यंत्र असले तरी ते बिघडू शकते. म्हणून पाण्याचा काही साठा बाटल्यांत वेगळा ठेवतात. कांदे, बटाटे, कोबी, भोपळा आणि लिंबू अधिक काळ टिकतात, तर टोमॅटो निरनिराळ्या अवस्थांतील निवडले जातात. बेटावरील केळी प्रसिद्ध. पण अख्खा घड घेतल्यास तो एकदमच पिकतो आणि चार दिवस सर्वांना केळीच खावी लागतात. शीतकपाटात न ठेवलेली अंडी अनेक आठवडे टिकतात. पुठ्ठ्याच्या खोक्यांतून झुरळांची अंडी नौकेवर येण्याचा धोका असल्याने खोकी धक्क्यावरच टाकून दिली जातात.

नौकेचे साहित्य

वारा सतत पाठीमागून येत असल्याने शिडे आणि दोर एकाच जागी दिवसेंदिवस घासले जातात. म्हणून जादा दोर, शीड सांधण्याचे कापड, सुया व दोरा बरोबर घ्यावा लागतो. इंजिनाचे फिल्टर, पंपाची रबरी चकती, पट्टे आणि दिवे यांचीही खरेदी होते. गॅस सिलिंडरची तोंडे देशोदेशी वेगळी असल्याने योग्य जोडणी शोधण्यात अर्धा दिवस सहज मोडतो. डोलकाठीच्या तारा टोकापर्यंत चढून तपासतात. रॅलीतील नौकांच्या जीवरक्षक साधनांची निघण्यापूर्वी तपासणी होते.

भटकंती

दुरुस्ती चालू असताना मिळालेल्या वेळात पावले बहुधा वेगेता या शहराच्या सर्वांत जुन्या भागाकडे वळतात. तेथील जुनी मंडई आणि सांता आना कॅथेड्रल ही दोन्ही पायी हिंडण्याच्या अंतरावर आहेत. जवळच 'कासा दे कोलोन' हे कोलंबसविषयक संग्रहालय आहे. १४९२ मध्ये कोलंबसच्या ताफ्यातील 'पिंटा' जहाजाचे सुकाणू निखळले, तेव्हा ते ग्रान कनारियावरच दुरुस्त झाले. 'निन्या'ची त्रिकोणी शिडे बदलून चौकोनी बसविण्यात आली. त्यानंतर ला गोमेरा बेटावर रसद भरून ६ सप्टेंबरला तो पश्चिमेकडे निघाला आणि १२ ऑक्टोबरला त्याला भूमी दिसली.

हाताशी अधिक वेळ असल्यास सुमारे ३ किलोमीटर लांबीचा लास कांतेरास किनारा, दक्षिणेकडील मास्पालोमासच्या वाळूच्या टेकड्या आणि १,८१३ मीटर उंचीवरील रोके नुब्लो हा खडक पाहता येतो. अर्थात ताजी भाजी अगदी शेवटी भरायची असल्याने निघण्यापूर्वीचा दिवस अनुभवी खलाशी सहलीसाठी नव्हे, तर मंडईसाठी राखून ठेवतात.